सिम्युलेटरमध्ये धुकं नीट सेट कसं करायचं: इंदूरच्या २५ नंबर धावपट्टीवर इन्स्ट्रुमेंट अप्रोच

दृश्यतेचा स्लायडर शून्यावर ओढला की समोर पांढरा पडदा उभा राहतो. दिसायला धुकंच, पण इन्स्ट्रुमेंट अप्रोच (बाहेर न बघता यंत्रांवरून धावपट्टीकडे उतरत येणं) शिकणाऱ्याच्या पदरात त्यातून काही पडत नाही. दोनशे फुटांवर काही दिसणार नाही हे त्याला उड्डाणाआधीच ठाऊक असतं, म्हणून गो-अराउंडचा (उतरणं सोडून परत वर जाण्याचा) हात थ्रॉटलवर ठेवूनच तो खाली येतो. हजार फुटांवर ढग संपतील असं हवामान लावलं तर उतरायचंच हेही तेवढंच ठरलेलं. सरावाचं हवामान असं हवं की डिसिजन हाइटला, म्हणजे निर्णय घ्यायच्या उंचीला, पोचेपर्यंत उतरायचं की परत वर जायचं हे कळताच कामा नये. त्यासाठी ढगांच्या तळातली चूक शंभर फुटांच्या आत आणि दृश्यतेतली चूक शंभर मीटरच्या आत राहील इतकी सेटिंग जमली पाहिजे. अंदाजाने ओढलेल्या स्लायडरने ती जमत नाही.

उदाहरणाला इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ घेतला आहे. कोड व्हीएआयडी, धावपट्टी एकच, ०७/२५ (दोन टोकांचे दोन क्रमांक), लांबी सुमारे २७५० मीटर, समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १८५० फूट. आयएलएस (धावपट्टीची दिशा आणि उतार सुयांवर दाखवणारी रेडिओ यंत्रणा) २५ ला. माळव्याच्या पठारावरच्या या विमानतळावर उंचीची चूक झाकली जात नाही, म्हणून सरावाला तो उत्तम. वडोदऱ्याचा हरणी विमानतळ जेमतेम १२९ फुटांवर आहे, तिथे तीच चूक बेमालूम पचून जाते आणि चुकीची सवय लागते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकू: घरच्या सिम्युलेटरवरचे तास लॉगबुकात धरले जात नाहीत, त्यासाठी डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेलं उपकरणच लागतं. घरी हात आणि नजर तयार होतात, ते काही कमी नाही.

कागदावरचे आकडे

सिम्युलेटर उघडण्याआधी एक कागद घ्या. कॅटेगरी १ च्या, म्हणजे सगळ्यात साध्या दर्जाच्या, आयएलएसला डिसिजन हाइट २०० फुटांच्या खाली जात नाही आणि आरव्हीआर (धावपट्टीवरची दृश्यता) ५५० मीटरपेक्षा कमी चालत नाही. २०० मध्ये १८५० मिळवले की २०५० फूट, ही झाली अल्टिमीटरवर वाचायची डिसिजन अल्टिट्यूड. मात्र सरावाला एआयपी इंडियातल्या (विमानतळांच्या अधिकृत माहितीसंग्रहातल्या) चार्टवरचा आकडाच घ्या. तो अडथळ्यांमुळे वर असू शकतो, आणि थ्रेशोल्डची (धावपट्टी जिथे सुरू होते त्या टोकाची) उंची विमानतळाच्या उंचीपेक्षा थोडी वेगळी असते. इथली गणितं १८५० धरून केली आहेत, तुम्ही चार्टवरचा आकडा घालून पुन्हा करा.

त्याच कागदावर २८५० लिहा. विमानतळापासून १००० फूट उंचीवर अप्रोच बॅन लागू होतो: तिथे पोचण्याआधी आरव्हीआर किमान मर्यादेखाली गेला तर पुढे यायचं नाही, तिथून खाली आल्यावर घसरला तर डिसिजन अल्टिट्यूडपर्यंत येता येतं. हवामान कुठल्या क्षणी बिघडवायचं हे या आकड्यावर ठरतं.

तिसरा आकडा उतरण्याच्या वेगाचा. तीन अंशांच्या ग्लाइडस्लोपवर (आयएलएस दाखवतो त्या उतारावर) दर नॉटिकल मैलाला सुमारे ३१८ फूट उतरायचं असतं. ९० नॉट ग्राउंडस्पीडला ते मिनिटाला ४७५-४८० फूट होतं. ग्राउंडस्पीड गुणिले पाच हा झटपट हिशोब ४५० देतो, सुरुवातीला तेवढं पुरतं.

ढगांचा तळ कुठून मोजायचा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मेटारमधले (विमानतळाच्या हवामान-अहवालातले) ढग जमिनीपासून मोजलेले असतात: बीकेएन००२ म्हणजे विमानतळापासून २०० फुटांवर. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये ढगांच्या थराची उंची समुद्रसपाटीपासून द्यावी लागते. इंदूरला कुणी तळ २०० टाकला तर ढग जमिनीखाली १६५० फुटांवर सुरू होतो, अख्खा विमानतळ ढगात बुडतो आणि टॅक्सी करायला, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत न्यायला, पुढचा दिवासुद्धा दिसत नाही. मग माणूस दृश्यता वाढवत बसतो आणि काही फरक पडत नाही, कारण दोष दृश्यतेचा नसतोच. इंदूरला २०० फुटांचा तळ म्हणजे २०५० टाकायचे, ३०० चा म्हणजे २१५०, ६०० चा म्हणजे २४५०. ग्वाल्हेरला १८५० ऐवजी ६१७ मिळवायचे.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या कस्टम हवामानात उंची समुद्रसपाटीपासून की जमिनीपासून हे निवडता येतं. जमिनीपासून निवडलं तर बेरीज करायची गरज नाही, पण पॅनेल पुन्हा उघडल्यावर ही निवड कुठली आहे हे दर वेळी बघा. फ्लाइटगिअर हा तिसरा सिम्युलेटर फुकट आहे आणि या कामात सगळ्यांत सरळ आहे: हवामानाच्या खिडकीत हाताने मेटारची ओळ लिहिता येते. ओळीत व्हीएआयडी हा कोड, चार अंकी दृश्यता मीटरमध्ये, ढग, तापमान आणि क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणून सांगितलेला हवेचा दाब) दिलं की काम झालं. ढग मेटारच्या रीतीने, म्हणजे जमिनीपासून. उडताना झेड की दाबून दृश्यता कमी-जास्त करता येते, इन्स्ट्रक्टर शेजारी बसला असेल तर ही सोय फार कामाची.

थराचा माथाही विचार करून द्या. थंडीतलं धुकं जाड नसतं, चार-पाचशे फुटांचं असतं, वर लख्ख ऊन. माथा २५०० फुटांच्या आसपास ठेवला तर शिकाऊ पायलट ऊन अंगावर घेत ग्लाइडस्लोप पकडतो आणि शेवटच्या दीड मिनिटात एकदम पांढऱ्यात शिरतो. डोळा बाहेरून आत वळवण्याचा खरा सराव हा. माथा ८००० वर नेला तर सुरुवातीपासून सगळं ढगात, तो वेगळा सराव आहे आणि पहिल्या दहा तासांत तोच जास्त उपयोगी.

आता तपासणी. थर सेट केल्यावर ऑटोपायलट लावून तीनदा खाली या आणि जमीन पहिल्यांदा दिसली ती उंची लिहून ठेवा. आजकालच्या सिम्युलेटरांमधले ढग फुगीर असतात, त्यांचा तळ सपाट नसतो. तीन आकड्यांत दीडशे फुटांचा फरक पडला तर आच्छादन पूर्ण करा, घनता वाढवा आणि पुन्हा मोजा. आकडा तळाच्या सेटिंगपेक्षा सतत खाली येत असेल तर सेटिंग तेवढं वर सरकवा. स्क्रीनवरचा आकडा महत्त्वाचा नाही, खिडकीतून दिसतं ते महत्त्वाचं.

दृश्यता, आणि ५५० मीटरमध्ये नक्की काय दिसतं

एक्स-प्लेन दृश्यता स्टॅट्यूट मैलांत मागतो. एक मैल १६०९ मीटर. त्यामुळे १५०० मीटर म्हणजे ०.९३, ८०० म्हणजे ०.५, ५५० म्हणजे ०.३४, ३५० म्हणजे ०.२२. स्लायडर इतका बारीक हलत नसेल तर आकडा टाइप करा. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या आवृत्तीत मीटरमध्ये दृश्यता देण्याची सोयच नाही. तिथे एक दाट थर जमिनीपर्यंत उतरवायचा किंवा एरोसोल वाढवायचं, आणि खाली दिलेल्या मोजणीने जमवून घ्यायचं.

ही मोजणी कुठल्याही सिम्युलेटरवर चालते. विमान २५ च्या थ्रेशोल्डवर मध्यरेषेवर उभं करा, धावपट्टीचे दिवे लावा. इन्स्ट्रुमेंट धावपट्टीच्या कडेचे दिवे एकमेकांपासून जास्तीत जास्त ६० मीटरवर असतात. स्वच्छ हवामानात आधी ते मोजून धावपट्टीच्या लांबीला भागा, म्हणजे तुमच्या सीनरीत अंतर खरंच ६० आहे का ते कळेल. मग धुकं लावा आणि एका बाजूचे किती दिवे दिसतात ते मोजा. नऊ दिसले तर साडेपाचशे मीटर. तेरा म्हणजे आठशेच्या जवळ. सहाला तुम्ही साडेतीनशेत आलात, कॅटेगरी १ च्या बाहेर.

सकाळी मोजलेलं सेटिंग रात्री चालत नाही. मेटारची दृश्यता आणि आरव्हीआर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: आरव्हीआर पायलटला धावपट्टीचे दिवे किती लांबून दिसतात ते सांगतो, आणि दिवा धुक्यातून झाडा-भिंतीपेक्षा लांबून दिसतो. म्हणूनच आरव्हीआर मिळत नसेल तेव्हा, तीव्र दिवे असलेल्या धावपट्टीसाठी, दृश्यतेला दिवसा १.५ ने आणि रात्री २ ने गुणून तोलाचा आकडा काढतात. उलट हिशोब केला तर ५५० च्या आरव्हीआरसाठी दिवसा सुमारे ३७० मीटर आणि रात्री २७५ मीटर दृश्यता लावावी लागेल. सिम्युलेटर दिव्यांना हा न्याय देतो की दिवे आणि झाडं एकाच धुक्यात बुडवतो, हे आवृत्तीवर आणि ग्राफिक्सच्या सेटिंगवर ठरतं. म्हणून गुणाकारावर विसंबू नका, दिवे मोजा. टेकऑफच्या किमान मर्यादा काढायला हा गुणाकार वापरतही नाहीत.

आता मुख्य गोष्ट. ५५० मीटरमध्ये २०० फुटांवर धावपट्टी दिसत नाही. बऱ्याच जणांना हे ऐकून धक्का बसतो, आणि सेटिंग चुकलं समजून ते दृश्यता वाढवतात. गणित करून बघा. तीन अंशांवर २०० फूट उंचीवर असताना विमान टेकण्याच्या जागेपासून ११६० मीटर मागे असतं. थ्रेशोल्ड ५० फुटांवरून ओलांडायचं, म्हणजे ती जागा थ्रेशोल्डच्या साधारण २९० मीटर आत. म्हणून थ्रेशोल्ड अजून ८७० मीटर पुढे. विमानाचं नाक खालचे १५ अंश झाकत असेल तर पुढची २३० मीटर जमीन दिसतच नाही. दिसते ती २३० ते ५४५ मीटरमधली पट्टी, म्हणजे थ्रेशोल्डच्या आधीच्या ६४० ते ३२० मीटरचा तुकडा. त्या तुकड्यात काय आहे? अप्रोच लाइट.

कॅटेगरी १ च्या पूर्ण मांडणीत हे दिवे थ्रेशोल्डच्या आधी ९०० मीटरपर्यंत पसरलेले असतात, ३०-३० मीटरवर. २०० फुटांवर त्यातल्या दहा-अकरा ओळी नजरेत येतात, आणि पुढच्या अर्ध्या सेकंदात ३०० मीटरवरचा आडवा पट्टा. ९० नॉटला थ्रेशोल्ड दिसायला आणखी सात सेकंद लागतात, तोवर विमान १४५ फुटांच्या आसपास आलेलं असतं. साधी मांडणी असेल, ४२० मीटरची, तर २०० फुटांवर तिच्यातले शेवटचे शंभर मीटर तेवढे दिसतात, म्हणजे दोन-तीन दिवे. दिवे नसतील तर घरांची छपरं आणि शेतं, दुसरं काही नाही.

म्हणून सीनरीत अप्रोच लाइट आहेत का, किती लांब आहेत आणि एआयपीत लिहिल्याप्रमाणे आहेत का, हे स्वच्छ हवामानात आधी बघून घ्या. भारतातल्या पुष्कळ विमानतळांची आयती सीनरी दिव्यांच्या बाबतीत ढोबळ असते. दिवे कमी असतील तर किमान दृश्यताही वाढते. युरोपच्या तक्त्यात २०० फुटांच्या डिसिजन हाइटला पूर्ण मांडणीसाठी ५५० मीटर, मध्यम मांडणीला ७५०, आखूड मांडणीला १००० आणि दिवेच नसतील तर १२०० मीटर आहेत. सिम्युलेटरमधल्या दिव्यांप्रमाणे यातला आकडा निवडा, मग २०० फुटांचा प्रश्न खरा वाटेल.

आणखी एक. २५ ची फायनल, म्हणजे उतरण्याचा शेवटचा सरळ टप्पा, पूर्वेकडून, शहराच्या उत्तर भागावरून येते. रात्री सिम्युलेटर शहराचे दिवे धुक्यातून वर झिरपू देत असेल तर सहा-सातशे फुटांवरच खाली उजेड दिसतो आणि शिकाऊ पायलट त्यालाच धावपट्टीचे दिवे समजून नाक खाली दाबतो. चूक सिम्युलेटरची असो की नसो, अशी फसगत प्रत्यक्षातही होते, तेव्हा ती घालवू नका. रात्रीच्या एका फेरीत मुद्दाम ठेवा.

वारा, तापमान, दाब

माळव्यात धुकं बहुधा मावठ्यानंतर पडतं: जमीन ओली, आभाळ रात्री मोकळं, वारा पडलेला. जमीन उष्णता सोडून गार होते, तिला टेकलेली हवा दवबिंदूपर्यंत येते. अशा धुक्यात २० नॉटचा आडवा वारा लावणं म्हणजे शुद्ध गंमत. एवढा वारा धुकं जमिनीवर टिकू देत नाही, ते उचलून खालचा ढग करतो.

जमिनीवर २५० अंशांवरून ३ नॉट द्या. शून्य देऊ नका: वारा अजिबात नसेल तर सिम्युलेटरचा एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रक) ०७ देऊ शकतो आणि तुम्ही २५ चा आयएलएस लावून बसलेले असता. वर मात्र वारा असू शकतो. ३५०० फुटांवर ३४० अंशांवरून १५ नॉटचा दुसरा थर द्या. ९० नॉटला हा उजवीकडून सरळ आडवा वारा साडेनऊ अंशांचा क्रॅब (नाक वाऱ्याकडे तिरकं ठेवणं) मागतो. खाली येताना तो विरत जातो, आणि जो शिकाऊ पायलट वरचं हेडिंग घट्ट धरून बसतो तो ठरल्यासारखा लोकलायझरच्या (आयएलएसच्या दिशारेषेच्या) उजवीकडे सरकतो. हा एक थर लावला नाही तर अप्रोच फार सोपा होतो.

तापमानात समुद्रसपाटीचं मागत असेल तर दर हजार फुटांना २ अंश मिळवा: इंदूरला जमिनीवर ८ हवं तर साधारण १२ टाकायचं. दवबिंदू देता येत असेल तर तापमानाच्या एक अंश आत. कार्ब्युरेटरचं इंजिन असलेलं विमान घेतलं असेल तर एवढ्या दमट हवेत कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देण्याची सोय) विसरू नका, सिम्युलेटरचं मॉडेल चांगलं असेल तर इंजिन धडपडायला लागतं.

वेळ सकाळी सात-सव्वासातची ठेवा. सूर्य उगवल्यावर थोडा वेळ धुकं आणखी दाटतं, कारण हवा ढवळली जाते. झुलू (यूटीसी) वेळ मागितली तर साडेपाच तास वजा: सव्वासात म्हणजे ०१४५.

दाबाकडे सगळे दुर्लक्ष करतात. थंडीत इंदूरचा क्यूएनएच १०१३ च्या वर असतो. १०१७ असताना अल्टिमीटर १०१३ वरच राहिला तर तो सुमारे ११० फूट कमी दाखवतो, विमान वरच राहतं आणि चूक कुणाच्या लक्षात येत नाही. पावसाळ्यात तोच दाब एक हजारच्या आसपास उतरतो. १००३ असताना १०१३ ठेवला तर अल्टिमीटर २८० फूट जास्त दाखवतो. डिसिजन हाइट २०० ची आणि चूक २८० ची, म्हणजे २०५० वाचताना विमान जमिनीला लागलेलं असेल. अशी एक फेरी प्रत्येकाने उडावी. इंचांत १००३ म्हणजे २९.६२ आणि १०१७ म्हणजे ३०.०३. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये बी की दाबली की अल्टिमीटर आपोआप जुळतो. त्या कीचं काम सेटिंगमधून काढूनच टाका.

फेऱ्यांचा क्रम

पहिल्या फेऱ्यांना तळ १५०० फूट आणि दृश्यता ३००० मीटर, इंदूरला थर ३३५० वर. सुया स्थिर झाल्या की तळ ६०० आणि १५०० मीटर. मग ३०० आणि ८००. इथपर्यंत पाच-सहा फेऱ्या पुरतात, रेंगाळू नका.

खरा सराव पुढचा. तीन हवामानं तयार करून साठवून ठेवा. एकात तळ २५० फूट आणि दिवे मोजून ५५० मीटर: दिसतं, उतरायचं. दुसऱ्यात तळ १०० फूट आणि ३०० मीटर: २०५० ला काही नाही, थेट गो-अराउंड. तिसऱ्यात तळ २५० पण दृश्यता ४०० च्या आसपास: दिव्यांची एखादी ओळ चमकते आणि विरते. हे तिसरं सगळ्यात मौल्यवान, कारण माणसाचा मोह नेमका इथे जागा होतो. नावं अशी द्या की काही कळू नये, क, ख, ग, आणि कुठलं लोड करायचं ते इन्स्ट्रक्टरला, मित्राला, नाहीतर घरातल्या कुणालाही चिठ्ठी काढून ठरवू द्या. एकट्याने करायचं तर हवामान लोड होताना स्क्रीनकडे पाठ करा. बावळट वाटतं, पण चालतं.

एक्स-प्लेनमध्ये इन्स्ट्रक्टरचं स्टेशन दुसऱ्या संगणकावरून चालवता येतं. तिथून २८५० च्या आधी दृश्यता पाडायची की नंतर, यावर अप्रोच बॅनचा निर्णय तपासता येतो. बदलताना विमान पॉज करा. ढग नव्याने उभे राहायला काही सेकंद लागतात आणि त्या अवस्थेत दिसतं ते ना आधीचं असतं ना नंतरचं. एक्स-प्लेन १२ मध्ये हवामान काळानुसार आपोआप बदलण्याची सोय आहे, सरावात ती स्थिर ठेवा, नाहीतर मोजलेले दिवे अर्ध्या तासात खोटे ठरतात.

गो-अराउंडनंतर भोपाळला वळायचं तर अंतर सुमारे ९० नॉटिकल मैल, सेसना १७२ ला पाऊण-एक तास. लक्षात ठेवा, हाताने लावलेलं हवामान बहुतेक सिममध्ये सगळीकडे सारखं असतं. इंदूर सोडून वर आल्यावर पॉज करून ते सुधारलं नाही तर भोपाळही त्याच धुक्यात सापडेल. ग्वाल्हेरकडचं जानेवारीतलं धुकं याच कामासाठी वापरा. हवामान खातं २०० मीटरच्या आतल्या धुक्याला दाट आणि ५० च्या आतल्याला अति दाट म्हणतं. अशा धुक्यात कॅटेगरी १ वाल्याने उतरण्याचा सराव करू नये, वेळीच वळण्याचा करावा.

पावसाळ्याचं हवामान वेगळं लावायचं: तळ ४०० ते ६०० फूट, थर तुटका पण वर आणखी दोन थर, दृश्यता १५०० ते २००० मीटर, मध्यम पाऊस, वारा २४० वरून १५ नॉट, झोत २५ पर्यंत, क्यूएनएच १००३. धुक्यात विमान शांत असतं आणि डोळा फसतो. पावसात सुया नाचतात आणि हात दमतो. दोन्ही हवेत.

काय बिघडतं

सिम्युलेटरचे मदतनीस आधी बंद करा: उतरण्याचा रंगीत मार्ग, विमानतळाच्या नावाच्या पाट्या, टॅक्सीची रिबन, आपोआप रडर. जी१००० या डिजिटल कॉकपिट-पडद्यावर सिंथेटिक व्हिजन चालू राहिलं तर धुक्यातही धावपट्टी पडद्यावर रेखलेली दिसते आणि सगळी मेहनत वाया. बाहेरचा कॅमेराही बंद, मोह नको.

आयएलएस पकडत नसेल तर फ्रिक्वेन्सी चार्टवरून नव्हे, सिमच्या स्वतःच्या नकाशावरून बघा, कारण सिमचा डेटा जुना असू शकतो. आणि आयएलएसची ओळख पटवणारा मोर्स संकेत ऐका. धुक्यात हे टाळणारा शिकाऊ पायलट चुकीच्या सुया मोठ्या विश्वासाने पाळतो.

दाट ढगांत फ्रेम रेट पडतो. एक्स-प्लेन साधारण २० च्या खाली गेला की वेळच हळू चालवतो, म्हणजे स्टॉपवॉचवरचं वळण चुकतं. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये सुया अडखळतात आणि माणूस जास्त हात मारतो. ढगांची गुणवत्ता एक पायरी खाली आणा, धुक्यात फरक दिसतही नाही. ग्लाइडस्लोप सारखा वर-खाली मारत असेल तर दोष हाताला देण्याआधी फ्रेम रेट बघा.

स्ट्रोब आणि लँडिंग लाइट धुक्यात चालू ठेवले की काही सिममध्ये समोर पांढरा भपका येतो आणि मोजलेले नऊ दिवे पाच होतात. मोजताना आणि उडताना दिव्यांची स्थिती एकच ठेवा.

प्रत्येक फेरीनंतर तीन आकडे लिहा: २०५० ला लोकलायझर किती डॉट (सुई मध्यापासून किती सरकली ते दाखवणाऱ्या खुणा), ग्लाइडस्लोप किती डॉट, आणि निर्णय बोलल्यापासून पॉवर लागेपर्यंत किती सेकंद. दोन डॉटच्या स्केलवर त्या उंचीला ग्लाइडस्लोपचा एक डॉट साधारण २३ फुटांचा असतो, म्हणजे एक डॉट खाली असलेलं विमान २०५० ला असायला हवं त्यापेक्षा सुमारे १३५ मीटर आधीच पोचलेलं असतं, आणि दिव्यांच्या थ्रेशोल्डकडच्या चार-पाच ओळी त्याला तेव्हा अजून दिसत नाहीत. तिसऱ्या, मोहात पाडणाऱ्या हवामानात हे आकडे दोन सेकंदांच्या आत आणि अर्ध्या डॉटच्या आत सलग चार वेळा आले की ५५० मीटरवाल्या हवामानाची दृश्यता आणखी पन्नास मीटरने खाली आणून पुन्हा दिवे मोजा.